तिसऱ्या वर्षाचं पाणी

ओक हे उतावळं झाड नव्हे. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात आम्ही राहतो. इथे मार्च सरता सरता लाल मेपलच्या फांद्यांवर तांबडी फुलं दिसू लागतात, एप्रिलात विलो पोपटी होतात, रस्त्याकडेची शोभेच्या पेअरची झाडं पांढऱ्या फुलांनी भरून ओसरतातही. तरी आमच्या परसातला लाल ओक आपला काळपट, बोडका उभा. या देशात नव्यानं आलेल्या माणसाला वाटावं, हा वाळलाच.

या संथपणाला कारण आहे. ओकच्या लाकडात पाणी वर चढवणाऱ्या वाहिन्या रुंद असतात, कापलेल्या ओंडक्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या. हिवाळ्यात त्यांतलं पाणी गोठतं, वितळताना हवेचे बुडबुडे मागे राहतात आणि वाहिनी बंद पडते, ती कायमची. त्यामुळे दर वसंतात पानं काढण्याआधी ओकला खोडात नव्या वाहिन्यांचं एक कडं तयार करावं लागतं. मेपलच्या वाहिन्या बारीक. त्या थंडीतून बऱ्याच वाचतात. म्हणून मेपल लवकर फुटतो, आणि लवकर फुटणाऱ्याला जे सोसावं लागतं तेही त्याच्या वाट्याला येतं. ओक थांबतो. इथल्या लहरी वसंतात थांबण्याइतकं शहाणपण दुसरं नाही.

म्हणून १८ मे २०२३च्या पहाटे जे झालं ते मला अन्यायाचं वाटलं. थांबलेल्यालाच फटका बसला.

त्या वर्षी एप्रिलच्या मध्याला अमेरिकेच्या ईशान्य भागात मध्येच उन्हाळा शिरला होता. न्यूयॉर्क शहरात पारा ३२ अंशांवर गेला. झाडांनी त्यावर विश्वास ठेवला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओकची पालवी बोटभर झाली होती. कोवळेपणी ती हिरवी नसते; गुलाबी-तपकिरी, लवदार असते, आणि तिच्याबरोबर फुलांचे बारीक तुरे लोंबत असतात. मध्य युरोपातले बागवान ११ ते १५ मे या दिवसांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. मॅमर्टस, पँक्रास, सर्वेशियस, बोनिफेस आणि शेवटी ‘थंड सोफी’. हे पाच जण होऊन गेले की मगच नाजूक रोपं बाहेर लावायची, असा तिकडचा जुना दंडक. आमच्याकडे थंड सोफीही येऊन गेली आणि तिच्यामागून तिसऱ्या दिवशी कॅनडातून कोरडी, थंड हवा उतरली. आकाश स्वच्छ, वारा पूर्ण पडलेला. अशा रात्री जमीन आपली ऊब उघड्या आकाशाकडे सोडत राहते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली सखल भागात जाऊन साठते. व्हर्माँटपासून आमच्या खोऱ्यापर्यंत अनेक ठिकाणी तापमान गोठणबिंदूखाली तीन-चार अंश गेलं. सफरचंदाच्या आणि द्राक्षांच्या बागा त्या एका पहाटेत बसल्या.

आमच्या टेकडीखाली सफरचंदाची बाग आहे. तिथले उंच खांबांवरचे पंखे रात्रभर घरघरत होते. वरच्या थरातली थोडी कमी गार हवा ओढून खाली आणायची, हा त्यांचा उद्योग. त्या आवाजानं अप्पांना झोप लागली नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकली, की बाग भावाच्या हवाली करून ते इकडे येतात आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी परततात. थंडी हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय आहे. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ती नोंद मुंबई-पुण्याची माणसं मजेनं वाचतात. आमच्याकडे ती वाचून कुणाला मजा वाटत नाही. पारा चार-पाच अंशांच्या खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेले मणी तडकतात. मग पहाटे तीनला उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करून मुळांशी विहिरीचं कोमट पाणी खेळवायचं. मी शाळेत असताना डिसेंबरातल्या कितीतरी पहाटे धुरानं डोळे चोळत काढल्या आहेत.

त्यामुळे पहाटे अंगणात येऊन अप्पांनी पहिला प्रश्न केला तो हाच. “अगं, ही माणसं शेकोट्या का नाही पेटवत?”

मी म्हटलं, “अप्पा, पंखे लावलेत ना त्यांनी.”

“पंख्यानं कुठं थंडी जाते? धूर धरला पाहिजे वर.”

या धुरावरून आमचा वाद जुना आहे. जमिनीतून निघणारी ऊब अडवण्याइतके शेकोटीच्या धुराचे कण मोठे नसतात. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाते त्याचा. म्हणजे अप्पांची शेकोटी आणि इथला पंखा एकच काम करतात. अप्पांना हे पटत नाही. तीस वर्षं धुरानं बाग वाचवली आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि बाग वाचली होती हे खरंच आहे.

पण पंखा काय, शेकोटी काय, ती दोन-तीन मीटर उंचीच्या पिकाची सोय. पाच मजली इमारतीएवढ्या ओकला कोण काय पांघरणार? मोठ्या झाडाच्या बाबतीत थंडी येण्याआधी माणसाच्या हाती काहीच नसतं. जे काही आहे ते नंतरचं.

सूर्य वर आला आणि पानं काळवंडू लागली. पानावर दहिवर दिसतं म्हणून आपल्याला वाटतं, तेच पानाला जाळतं. खरा घात आत होतो. पानाच्या पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ धरतो आणि तो पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी सुकतात, त्यांचे पडदे फाटतात. बर्फ वितळल्यावर ते पाणी परत आत शिरत नाही. म्हणून पान आधी ओलसर, गडद, लुळं होतं. दुपारपर्यंत काळं, आणि दोन दिवसांत हाताला लागताच चुरा होईल असं तपकिरी. जुन्या, जून झालेल्या पानांत हा मार सोसायची थोडी ताकद असते, कोवळ्या पानात नसते. आमच्या ओकची खालची दोन-तीन मजल्यांएवढी पालवी संपली. शेंड्याला थोडा भाग वाचला, कारण गार हवेचा थर तेवढा उंच पोचला नव्हता. सगळ्या उतारावर हे दिसत होतं. एका पातळीखाली झाडं तपकिरी, तिच्या वर हिरवी. गार हवा कुठवर साठली होती, ते झाडांवर लिहून ठेवल्यागत झालं होतं. ॲश गेले होते, अक्रोड गेले होते, शेजारणीचा लाडका जपानी मेपल तर कोळपून गेला होता.

आणि मग माणसं कामाला लागली.

या गडबडीचा मला राग येत नाही. डोळ्यांसमोर काही मरत असलं तर हात चालवावेसे वाटणारच. तीन दिवसांच्या आत आमच्या रस्त्यावर झाडं कापणाऱ्या एका कंपनीची गाडी फिरू लागली. त्यांचा माणूस दारात येऊन म्हणाला, की वाळलेल्या फांद्या लगेच काढल्या पाहिजेत, खोडाभोवती नत्राची मात्रा जमिनीत सोडली पाहिजे, नाहीतर झाड हातचं जाईल. शेजारणीनं तिथल्या तिथे चेक फाडला. अप्पांचा कलही छाटणीकडेच. द्राक्षवाला माणूस, वर्षातून दोनदा वेल छाटल्याशिवाय त्याला वेल कळतच नाही. “छाटलं की डोळे फुटतात” हे त्यांचं सूत्र. कात्री कुठे ठेवली आहे, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. वर छाटलेल्या जागी बोर्डो पेस्टचा बुरशीनाशक लेप लावू, असंही सुचवलं.

मी त्यांना थांबवलं, ते जिल्ह्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विस्तार केंद्राला विचारून. तिथल्या स्वयंसेवकांचं उत्तर इतकं साधं होतं, की ते सल्ला वाटू नये: जुलैपर्यंत काही कापू नका. करपलेलं पान म्हणजे मेलेली फांदी नव्हे. नखानं डहाळीची साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं आणि ओलं असेल तर ती जिवंत आहे.

अप्पांनी सगळीकडून खरवडून पाहिलं. हिरवं होतं. मग त्यांनी कात्रीचा विषय काढला नाही. उलट त्यांना त्यांचीच एक गोष्ट आठवली, आणि ती त्यांनी मला खुर्चीत बसून समजावून सांगितली. द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन डोळे असतात. मधला मोठा, तो आधी फुटतो, घड त्यालाच भरपूर. तो गेला तर बाजूचा फुटतो, त्याला घड कमी. तोही गेला तर तिसरा, त्याला बहुधा नुसती पानं. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सपासून हडसनपर्यंतचे द्राक्षवाले त्या मे महिन्यात नेमक्या याच दुसऱ्या डोळ्यावर डोळे लावून बसले होते. ओकचंही असंच आहे. डहाळीच्या टोकाला कळ्यांचा झुबका असतो, पहिली गेली तर शेजारची उठते. शिवाय सालीखाली वर्षानुवर्षं निजून राहिलेल्या कळ्या असतात, त्यांना हाक अशा वेळीच येते. म्हणजे छाटायचं म्हणून आपण जी फांदी काढतो, तिच्याबरोबर हा राखीव साठाही जातो. ओकला आणखी एक धोका आहे. ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग वसंतात आणि उन्हाळ्यात ताज्या जखमेवर बसणाऱ्या भुंगेऱ्यांबरोबर पसरतो. न्यूयॉर्क राज्यात तो २००८ साली पहिल्यांदा सापडला. मे-जूनमध्ये ओकवर करवत चालवणं म्हणजे त्या भुंगेऱ्यांना बोलावणं पाठवणं.

जूनच्या मध्यापासून आमचा ओक पुन्हा फुटू लागला. ही दुसरी पालवी पहिलीसारखी नव्हती. पानं लहान, फिकट, झुपक्यांनी आलेली. जुलैत लांबून पाहणाऱ्याला झाड हिरवं दिसू लागलं. शेजारणीनं कुंपणापलीकडून अंगठा उंचावला. सगळ्यांनी हुश्श केलं.

मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. झाड पुन्हा हिरवं झालं म्हणजे ते बरं झालं, असा आपला समज आहे. वस्तुस्थिती अशी, की दुसरी पालवी आलेल्या दिवशी झाड त्या वर्षातलं सर्वांत गरीब असतं.

झाड पान हवेतून आणि उन्हातून कमावतं, हे शाळेत शिकवतात. पहिलं पान मात्र कमाईतून येत नाही, कारण ते येईपर्यंत कमाईच नसते. ते येतं साठवलेल्या पिष्टातून. खोडाच्या बाहेरच्या ओल्या लाकडात आणि मुळांत जिवंत पेशी असतात, त्यांत हा साठा असतो. पहिली पालवी त्यातून निघाली आणि एक पैसाही परत न करता काळी पडून गळली. दुसरी पालवीही त्यातूनच काढावी लागली. मुदतीआधी ठेव मोडावी लागली, तीही लागोपाठ दोनदा.

ही ठेव किती जुनी असते, हे शोधण्याची जी युक्ती शास्त्रज्ञांना सापडली, तिची मला मोठी गंमत वाटते. १९५० आणि ६०च्या दशकांत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या, त्यांनी वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३च्या करारानंतर अशा चाचण्या बहुतेक थांबल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. त्यामुळे झाडातल्या साखरेतला कार्बन तपासला, की ती साखर कोणत्या सुमाराच्या हवेतून बनली ते सांगता येतं. माणसानं दुसऱ्या माणसांना भिववण्यासाठी केलेल्या स्फोटांचा हा एकच निरुपद्रवी उपयोग असावा. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये लाल मेपलवर अशी तपासणी झाली. खोडात साठलेली साखर आणि पिष्ट सरासरीनं दहाएक वर्षं जुनं निघालं. झाड कापल्यावर बुंध्यातून जे धुमारे फुटले, तेही दशकाहून जुन्या साठ्यातून. तेव्हा २०२३च्या जूनमध्ये आमच्या ओकनं जी पानं काढली, त्यांत कदाचित माझी मुलगी रांगत होती त्या उन्हाळ्यातलं ऊन असेल. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे म्हाताऱ्यानं पोरांसाठी ठेवलेलं काढलं.”

अशा झाडाला नत्राचं खत घालणं मला क्रूरपणाचं वाटतं. नत्र म्हणजे वाढीची सक्ती. साठा संपत आलेल्या झाडाला आणखी पानं, आणखी कोवळे शेंडे काढायला लावायचे, आणि तेही शरद आला तरी जून न होणारे. त्याला त्या वेळी हवं असतं एवढंच, की आहे ती पानं जितके दिवस टिकतील तितके दिवस टिकावीत आणि मुळांना पाणी कमी पडू नये. आठवड्याला अडीच सेंटिमीटर पावसाएवढं पाणी, पाऊस नसेल तर पाइपनं, अगदी हळू, खोडाशी न घालता फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर. झाडाची पाणी पिणारी मुळं खोडापाशी नसतात. ती घेराच्या दुप्पट-तिप्पट लांबवर, आणि बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीत पसरलेली असतात. म्हणजे आपल्या हिरवळीखालीच. तरी हिरवळ राखणारी कंपनी येऊन तण मारायचं औषध फवारून जाते आणि मागे छोटं झेंड्यासारखं पत्रक रोवून जाते, मुलांना गवतावर सोडू नका म्हणून. झाडाला वाचता येत नाही. आम्ही ते फवारणं बंद केलं. गवतात डँडेलियन आले. येऊ देत.

मुळांवर लाकडाच्या चिपा पसरायच्या, चार बोटं जाड, खोडाला न टेकवता. अमेरिकन उपनगरांत मात्र खोडाभोवती याच चिपांचे गुडघाभर उंच ढीग रचायची चाल आहे. त्याला ‘मल्च व्होल्केनो’ असं नावच आहे. त्या ढिगाखाली साल कायम ओली राहून कुजते. इतकी मेहनत घेऊन झाडाला इजा करण्याची ही हौस कुठून आली असेल, याचं मला कोडं आहे. आपल्याकडे तरी दुसरं काय, झाडाला गेरू आणि चुना लावून त्याच्या गळ्यापर्यंत काँक्रीट ओततात.

बोर्डो पेस्टचंही इथे सांगून टाकते. न्यू हॅम्पशरमध्ये अमेरिकन वनसेवेत ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) नावाचे गृहस्थ होते. त्यांनी चेनसॉ हाती घेऊन हजारो झाडं उभी चिरून पाहिली. त्यांच्याआधी लोक झाड आडवं कापून बघत, त्यामुळे जखमेचं पुढे आत काय होतं ते दिसत नसे. शायगोंना दिसलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. मेलेल्या भागाच्या भोवती झाड आतून भिंती घालतं, कूज त्या भिंतींत कोंडतं आणि त्यांच्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. जुनी जखम आत तशीच राहते, शेवटपर्यंत. वरून लावलेला रंग किंवा लेप या कामात मदत करत नाही, असं त्यांच्या कामातून पुढे आलं आणि जगभरच्या झाडं राखणाऱ्यांची पद्धत बदलली. ओक विल्टच्या हंगामात ओक कापावाच लागला तर भुंगेरे बसू नयेत म्हणून जखम रंगवतात, तेवढा अपवाद. भिंती घालायलाही साठाच लागतो, हे मात्र लक्षात ठेवायचं. उपाशी झाड भिंत नीट घालू शकत नाही.

२०२३चा उन्हाळा आमच्यावर प्रसन्न होता म्हणायचा, किंवा जरा जास्तच प्रसन्न. जुलैत हडसनच्या खोऱ्यात आणि व्हर्माँटमध्ये पूर आले. झाडाला पाणी घालायचा प्रश्नच उरला नाही. अप्पा ऑक्टोबरात परत गेले. पहिल्या वर्षीची कामं संपली, आणि शेजारपाजारच्या लेखी प्रकरणही संपलं.

विमानतळावर निघताना अप्पांनी जे सांगितलं ते मी डायरीत टिपलं आहे. “ज्या वर्षी वेल मार खाते ते वर्ष निघतं. पुढच्या वर्षी घड कमी धरायचे.” द्राक्षात एप्रिलच्या छाटणीनंतर डोळ्याच्या आत घड ठरतो आणि दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. चूक एका हंगामातली, पावती दुसऱ्या हंगामातली. हे शेतकऱ्याला उपजत कळतं. अंगणात एखादं झाड बाळगणाऱ्या आम्हा नोकरदारांना ते शिकावं लागतं.

लाल ओकची पावती २०२४च्या शरदात आली. या जातीच्या फळांना पिकायला दोन हंगाम लागतात. मे २०२३मध्ये जी फुलं जळाली, त्यांची एकॉर्न २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पडायची होती. ती पडली नाहीत. एरवी शरदात आमच्या पत्र्याच्या शेडवर रात्रभर टणत्कार होतात. त्या वर्षी शेड गप्प होती आणि खारी आमच्या कुंड्या उकरत होत्या. पांढऱ्या ओकचं फळ एकाच हंगामात पिकतं, त्याचा दुष्काळ आदल्याच वर्षी होऊन गेला होता. आणि फळांचंच काय, लाल ओकची पहिली पालवी पुढच्या वर्षी किती पानांची असणार, हे आदल्या उन्हाळ्यात कळी बनतानाच ठरत असतं. उपासमारीच्या उन्हाळ्यात बनलेल्या कळ्या लहान होत्या. २०२४ची पालवी विरळ आली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मेमधल्या त्या काळ्या पानांचा आणि या विरळ सावलीचा संबंध जोडायला कुणाला सवड होती?

नेमक्या त्याच शरदात पाऊस गेला. न्यूयॉर्क शहरातला २०२४चा ऑक्टोबर नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत कोरडा ऑक्टोबर ठरला. नोव्हेंबरात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या सीमेवरचं जंगल पेटलं, आमच्याकडेही धुराचा वास येत होता. आणि ईशान्येतल्या बऱ्याच ओकवनांनी २०२१-२२मध्ये स्पाँजी मॉथच्या सुरवंटांचा मार आधीच खाल्लेला होता, तेव्हाही पानं गेलेली. सुरवंट, थंडी, कोरडा शरद. यातलं एकेकटं काहीही मोठं झाड सहज सोसतं.

सिरॅक्यूजच्या वनमहाविद्यालयात पॉल मॅनियन यांनी १९८१च्या आपल्या पाठ्यपुस्तकात झाडांच्या या ऱ्हासाची एक मांडणी केली आहे. ती मला फार न्यायाची वाटते. झाड एका कारणानं मरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी झाडाला आतून कमजोर ठेवणारी दीर्घ कारणं असतात: वाईट माती, दाबलेली मुळं, चुकीची जागा. मग एखादा धक्का बसतो, उशिराची थंडी, अवर्षण, किडीनं सगळी पानं खाणं. आणि शेवटी येतात ती अखेरची मंडळी: सालीखाली बोगदे करणारे भुंगेरे, मुळं खाणारी आर्मिलेरिया बुरशी. ओकच्या बाबतीत तो भुंगेरा म्हणजे टू-लाइन्ड चेस्टनट बोरर. तो इथलाच आहे, नेहमी जंगलात असतो, आणि ताणात असलेलं झाड त्याला वासानं कळतं. त्याच्या अळ्या वरच्या फांद्यांपासून सुरुवात करतात आणि दोन-तीन वर्षांत खाली उतरतात. झाड मरतं तेव्हा सालीवर त्याच्या बाहेर पडण्याची अर्धगोल भोकं दिसतात, आणि घरमालक म्हणतो, किड्यानं झाड मारलं. थंडीला तोवर तीन वर्षं झालेली असतात. तिचं नाव कुणी घेत नाही.

आमच्या रस्त्यावर असंच झालं. २०२३मध्ये करपलेल्या चारपाच मोठ्या ओकपैकी दोन आता शेंड्याकडून वाळत आले आहेत. ते नेमके कुणाचे आणि त्यांना त्या वसंतात कोणी काय केलं, हे मी इथे लिहिणार नाही. दोन झाडांवरून काही सिद्ध होत नाही, आणि शेजाऱ्यांशी मला अजून बरीच वर्षं काढायची आहेत.

आमच्या ओकला मी २०२४च्या शरदात पानगळ होऊन जमीन गोठेपर्यंत पाणी दिलं. नोव्हेंबरात निष्पर्ण झाडाखाली पाइप धरून उभ्या असलेल्या बाईकडे लोक गाडी हळू करून बघत. पान नसलं तरी मूळ जागं असतं, माती गोठेपर्यंत ते काम करतं. पेचकस मातीत खुपसून बघायचा. वीतभर सहज गेला तर पाणी पुरेसं, अडला तर द्यायचं. हे तंत्र अप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. ते याच कामासाठी पहार वापरतात.

२०२५च्या मेमध्ये पालवी दाट आली. अप्पाही आले. ऑगस्टात पुन्हा पाऊस ओढ देऊ लागला तेव्हा पाइप त्यांनीच काढला आणि रोज संध्याकाळी त्याची जागा बदलत राहिले. बिल पाहून नवरा म्हणाला, “अहो अप्पा, तिसरं वर्ष लागलं आता त्या थंडीला. झाड छान आहे की.” अप्पा म्हणाले, “छान आहे म्हणूनच.”

तुमच्याकडे उशिराच्या थंडीनं करपलेलं एखादं जुनं झाड असेल, तर त्या वसंतात त्याच्याजवळ करवत आणि खत येऊ देऊ नका, आणि थंडीची तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा. तिच्यापुढे तीन उन्हाळे मोजा. तिसऱ्या उन्हाळ्यात झाड हिरवंगार दिसत असेल आणि दोन आठवडे पाऊस नसेल, तर पाइप काढा.